‘सेपरेट’ वापरताना दर वेळी चुकतं? आधी हे बघा

मागच्या वर्षी माझ्या मावशीचा व्हिसा अडकला तो एका शब्दामुळे. काका मस्कतला नोकरीला, मावशी चिपळूणला, आणि दोन महिन्यांसाठी ती त्यांच्याकडेच राहायला निघालेली. फॉर्म तिने स्वतः भरला, कुणाला त्रास नको म्हणून, आणि मॅरिटल स्टेटसच्या खाली सिंगल, मॅरिड, सेपरेटेड, डिव्होर्स्ड, विडोड असे चौकोन होते त्यातल्या सेपरेटेडवर तिने टिक केली. आठवड्याने एजंटचा फोन, की बाई तुम्ही नवऱ्यापासून वेगळ्या झालात असं लिहिलंय आणि स्पॉन्सर म्हणून त्यांचंच नाव टाकलंय, हे कसं जमणार, कोर्टाचे काही कागद आहेत का. मावशीचे हातपाय गळाले. मला फोन करून म्हणते, “अगं, ते तिकडे, मी इकडे, वेगळेच राहतो ना आम्ही इतकी वर्षं, मग सेपरेटेड नाही तर काय?”

मराठीत विचार केला तर तिचं काहीच चुकलं नव्हतं. वेगळे राहतो म्हणजे सेपरेट राहतो, आणि शब्दकोशातही तेच दिलंय, सेपरेट म्हणजे वेगळे करणे. पण फॉर्मवरचा सेपरेटेड म्हणजे लग्न कायद्याने अजून आहे पण नवरा-बायकोने संसार मोडलाय असा. नोकरीमुळे दोन गावांत राहणारं जोडपं इंग्रजीत मॅरिडच. मावशीने नवा फॉर्म भरला, सोबत एक साधं खुलासापत्र जोडलं, तीन आठवडे गेले पण काम झालं.

मी संध्याकाळी घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेते, नोकरी शोधणारी मुलं येतात, दोन-तीन गृहिणी येतात, आणि ह्या एका क्रियापदावर जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी अडकतोच. एकदा दुरुस्त करून दिलं तरी पुढच्या महिन्यात दुसऱ्या रूपात तीच चूक परत येते. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढते, ज्याला जिथे अडतं तिथलं त्याने वाचावं.

मुळात गडबड कुठे आहे

मराठीत वेगळं होण्या-करण्यासाठी आपल्याकडे इतके शब्द आहेत की आपण मोजतही नाही. गर्दीत चुकामूक होते, जिवलगांची ताटातूट होते, भावांची वाटणी होते, देशाची फाळणी होते, जिल्ह्याचं विभाजन होतं, नवरा-बायकोची फारकत होते, दूध फाटतं, मसाल्याला तेल सुटतं, धान्य पाखडतात, पीठ चाळतात, तांदूळ निवडतात, कचऱ्याचं वर्गीकरण करतात. आणि ह्या सगळ्यांसाठी शाळेत आपण एकच जोडी पाठ केली, सेपरेट म्हणजे वेगळे करणे. मग होतं काय, की मराठीतला कुठलाही ‘वेगळा’ दिसला की आपण सेपरेट टाकतो, आणि इंग्रजीतला सेपरेट दिसला की ‘वेगळे करणे’ वाचतो, आणि दोन्हीकडे अधूनमधून तोंडघशी पडतो. अर्थ माहीत नाही म्हणून चूक होते असं नाही, अर्थ एकच माहीत आहे म्हणून होते.

आपोआप झालं की कुणी केलं?

हे आधी विचारायचं. मराठीत आपण क्रियापदच बदलतो, तुटणं-तोडणं, फुटणं-फोडणं, सुटणं-सोडणं, फाटणं-फाडणं, म्हणजे आपोआप झालं का कुणी केलं हे शब्दातच कळतं. इंग्रजीत सेपरेटचं तसं नाही, तोच शब्द दोन्ही कामं करतो. आपल्याला मात्र ते अपुरं वाटतं, म्हणून आपण आपोआप होणाऱ्या गोष्टीलाही मध्ये ‘इज’ घालून ‘सेपरेटेड’ करून टाकतो.

माझ्याकडे एक ताई येतात, त्यांना आपल्या रेसिपी इंग्रजीत लिहायच्या होत्या. त्यांनी मटणाच्या रश्शात लिहिलेलं, ‘कुक टिल द ऑइल इज सेपरेटेड’. व्याकरणात बसतं, पण वाचणाऱ्याला वाटेल की कुणीतरी चमच्याने तेल काढून बाजूला ठेवायचंय. आपल्याला म्हणायचंय तेल सुटेपर्यंत परता, कांदा-खोबऱ्याचं वाटण कढईत घट्ट होत येतं, कडेकडेने तेल चकाकायला लागतं, तो क्षण. त्याला साधं ‘कुक टिल द ऑइल सेपरेट्स’. तेल स्वतःच सुटतं, म्हणून इज नाही, एड नाही. भारतीय रेसिपींमध्ये हे वाक्य इतकं येतं की जसंच्या तसं पाठ करून टाका, त्यातून व्याकरण आपोआप बसेल.

दूध फाटलं तर मात्र सेपरेट सुचलं तरी वापरू नका, आणि ‘टॉर्न’ तर मुळीच नको, ते कापड किंवा कागद फाटला तर. दुधाला ‘द मिल्क हॅज कर्डल्ड’ किंवा ‘द मिल्क हॅज स्प्लिट’. हा स्प्लिट भूतकाळातही स्प्लिटच राहतो, ‘स्प्लिटेड’ असं चांगल्या चांगल्या लोकांच्या मेलमध्ये मी बघितलंय, ते चूक आहे.

ह्याच्या उलट अंड्याचं. केकच्या रेसिपीत सुरुवातीलाच असतं ‘सेपरेट टू एग्ज’, किंवा सामानाच्या यादीतच ‘टू एग्ज, सेपरेटेड’. एका मुलीने मला अगदी मनापासून विचारलं, की दोन अंडी लांब लांब ठेवायची का. तिचा काय दोष, वाक्यात कशापासून वेगळं करायचं ते लिहिलेलंच नाही. तर अंड्याच्या बाबतीत त्याचा ठरलेला अर्थ आहे पिवळा बलक आणि पांढरं वेगळं काढा, कवच फोडून दोन अर्ध्या भागांत बलक इकडून तिकडे करत पांढरं खालच्या वाटीत सोडायचं. इथे करणारे तुम्ही आहात, अंडं आपोआप काही वेगळं होणार नाही.

फ्रॉम, इंटू, बाय: सगळ्यात जास्त चुका इथे

ह्याच्यावर जरा वेळ घालवा, अर्धी दुखणी इथेच बरी होतात.

‘पासून’ असेल तर फ्रॉम. राज्यघटनेच्या कलम ५० मध्ये नेमकं हेच वाक्य आहे, न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी करण्यासाठी राज्य पावलं उचलेल, तिथे इंग्रजीत शब्द आहेत ‘सेपरेट द ज्युडिशियरी फ्रॉम द एक्झिक्युटिव्ह’. स्पर्धा परीक्षावाल्यांना हे कलम तसंही लागतंच, तर त्याबरोबर फ्रॉमही लक्षात ठेवा. आपण चुकतो कुठे, तर मराठीत ‘ह्या दोघांमध्ये वेगळं करा’ असं डोक्यात येतं आणि ‘सेपरेट बिटवीन ए अँड बी’ लिहितो. असं इंग्रजीत होत नाही. बिटवीन हवाच असेल तर क्रियापद बदला, ‘डिस्टिंग्विश बिटवीन’, म्हणजे फरक ओळखणं, वस्तू हलवून बाजूला करणं नाही.

‘चे इतके भाग’ असेल तर इंटू, आणि तिथे बऱ्याचदा डिव्हाइड जास्त नैसर्गिक वाटतो. आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. ठाण्याच्या बाजूने बोललात तर ‘ठाणे डिस्ट्रिक्ट वॉज डिव्हायडेड इंटू टू’, अख्ख्याचे दोन भाग. पालघरच्या बाजूने बोललात तर ‘पालघर वॉज सेपरेटेड फ्रॉम ठाणे’, एक भाग मूळापासून बाजूला, आणि बातम्यांत ह्याच अर्थाने ‘कार्व्ड आउट ऑफ ठाणे’ पण लिहितात. घटना एकच, पण तुम्ही कुणाच्या अंगणात उभे आहात त्यावर शब्द ठरतो. दमण आणि दीव गोव्यापासून वेगळे झाले, ३० मे १९८७, तेव्हा गोवा राज्य झालं, तिथेही असंच करून बघा, दोन वाक्यं लिहा, एक गोव्याकडून आणि एक दमणकडून, फ्रॉम आणि इंटू कायमचे सुटे होतील. सेपरेटबरोबर इंटू अगदी चालतच नाही असं नाही हं, ‘सेपरेट द चिल्ड्रन इंटू टू ग्रुप्स’ बरोबरच आहे, पण फक्त भाग पाडायचेत आणि कुणापासून कुणाला लांब करायचं नाहीये तर डिव्हाइडच घ्या.

बाय म्हणजे मध्ये काय आहे ते. कॉम्प्युटरवर काम करणारे रोज सीएसव्ही फाइल उघडतात, त्याचं पूर्ण नाव कॉमा सेपरेटेड व्हॅल्यूज, म्हणजे ‘सेपरेटेड बाय कॉमाज’, दोन आकड्यांच्या मध्ये स्वल्पविराम बसलाय. दोन घरांच्या मध्ये भिंत असेल तर ‘द टू हाउसेस आर सेपरेटेड बाय अ वॉल’. दोघी बहिणींत तीन वर्षांचं अंतर असेल तरी ‘सेपरेटेड बाय थ्री इयर्स’. आणि गणितातला बाय वेगळा, तो डिव्हाइडचा, वीस भागिले पाच म्हणजे ‘ट्वेंटी डिव्हायडेड बाय फाइव्ह’. इथे एक मोठा खड्डा आहे. ‘डिव्हाइड ट्वेंटी बाय हाफ’ म्हणजे वीसला अर्ध्याने भागणं, उत्तर चाळीस येतं. निम्मं करायचं असेल तर ‘डिव्हाइड इट इन हाफ’. ऑफिसात बजेट निम्मं करा असं सांगायला ‘बाय हाफ’ लिहिणाऱ्यांनी इथे थांबून परत वाचा. तिथे ‘रिड्यूस द बजेट बाय हाफ’ असं लिहिलं तर मात्र बरोबर, कारण रिड्यूसबरोबर बाय म्हणजे किती कमी केलं ते.

माणसांच्या बाबतीत जपून

वस्तूंच्या बाबतीत चुकलं तर फार तर कुणीतरी हसेल, माणसांच्या बाबतीत चुकलं की मावशीसारखं होतं.

लग्नाबद्दल बोलताना सेपरेटेड हा शब्द जवळजवळ कायद्याचाच समजा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम १० मध्ये ज्युडिशियल सेपरेशन आहे आणि कलम १३ मध्ये घटस्फोट. ज्युडिशियल सेपरेशनचा हुकूम मिळाला म्हणजे एकत्र राहायचं बंधन उरत नाही, पण लग्न तसंच उभं असतं, दुसरं लग्न करता येत नाही. हुकुमानंतर एक वर्ष किंवा जास्त काळ दोघं परत एकत्र आले नाहीत तर त्या कारणावर घटस्फोटासाठी अर्ज करता येतो. म्हणून डिव्होर्स्ड आणि सेपरेटेड हे फॉर्मवर दोन वेगळे चौकोन असतात. कोर्टात न जाता संसार मोडून वेगळे राहणाऱ्यांनाही बोलताना सेपरेटेड म्हणतात, फॉर्ममध्ये त्यांनी काय भरायचं ते ज्याचा फॉर्म आहे त्यालाच विचारावं, अंदाजाने टिक करू नये. पण नवरा बोटीवर, बायको घरी, किंवा एक पुण्यात एक बंगळुरूला, हे सगळे मॅरिड. सांगायचंच असेल तर ‘माय हजबंड वर्क्स इन मस्कत’ एवढं पुरे.

दुसरी नेहमीची चूक विभक्त कुटुंबाची. आपल्याकडे विभक्त कुटुंब म्हणजे आई-बाप आणि मुलं, एकत्र कुटुंबाच्या उलट. एका मुलाने मुलाखतीच्या तयारीत लिहिलं, ‘आय कम फ्रॉम अ सेपरेटेड फॅमिली’. ऐकणाऱ्याला वाटणार ह्याचे आई-वडील वेगळे झालेत, आणि पुढचा प्रश्न एकतर येणार नाही किंवा दबक्या आवाजात येईल. त्याला शब्द ‘न्यूक्लिअर फॅमिली’. तसंच सासू-सासऱ्यांपासून वेगळे राहतो हे ‘वी आर सेपरेटेड फ्रॉम माय इन-लॉज’ नाही, ‘वी लिव्ह सेपरेटली फ्रॉम माय इन-लॉज’. भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, हेही सेपरेटेड नाही, ‘द ब्रदर्स हॅव डिव्हायडेड द प्रॉपर्टी’ किंवा ‘दे नाऊ रन सेपरेट हाउसहोल्ड्स’, जे झालंय ते सांगा. वाटणीपत्राला तर ‘पार्टिशन डीड’ असा ठरलेला शब्दच आहे.

गर्दीतली चुकामूक मात्र सेपरेटला अगदी फिट बसते आणि तिथे आपण तो वापरतच नाही. आषाढीला पंढरपुरात हात सुटला, आई एकीकडे आणि आपण एकीकडे, त्याला ‘वी गॉट सेपरेटेड इन द क्राउड’. इथला गॉट हवाच, कारण कुणी मुद्दाम केलं नाही, आपल्या बाबतीत ते घडलं. चुकामूकला ‘मिसअंडरस्टँडिंग’ लिहिलेलं मी तपासलंय, ते गैरसमज.

नोकरीचंही सांगून टाकते. माझ्या भाच्याने राजीनामा देऊन नोकरी सोडली आणि पुढच्या कंपनीला मेल लिहिला, ‘आय वॉज सेपरेटेड फ्रॉम माय प्रीव्हियस कंपनी’. एचआरच्या भाषेत सेपरेशन म्हणजे नोकरी संपणं, मग तो राजीनामा असो, निवृत्ती असो की काढून टाकणं असो, म्हणून फॉर्ममध्ये डेट ऑफ सेपरेशन असा रकाना असतो आणि बहुतेक ठिकाणी तिथे कामाचा शेवटचा दिवस भरायचा असतो. पण स्वतःबद्दल ‘आय वॉज सेपरेटेड’ असं लिहिलं की वाचणारा समजतो ह्याला काढलं. त्याने मेल दुरुस्त करून ‘आय रिझाइन्ड’ लिहिलं, एवढंच हवं होतं.

जिथे सेपरेट नकोच

तांदूळ निवडण्याला ‘सेपरेट द राइस’ म्हणू नका. ताटात तांदूळ पसरून खडे, भाताची टरफलं, किडके दाणे बोटाने एका कडेला सारायचे, ह्याला ‘पिक ओव्हर द राइस’, आणि खडे काढण्याला ‘पिक आउट द स्टोन्स’. मला हे फार आवडतं, कारण आपला निवडणे हा शब्दही पसंत करणं आणि खडे काढणं दोन्हीला चालतो आणि त्यांचा पिकही तसाच. सुपातलं पाखडणं म्हणजे विनो, चाळणं म्हणजे सिव्ह किंवा सिफ्ट. एवढे तीन शब्द आले की स्वयंपाकघरातला सेपरेट निम्म्याने कमी होतो.

कचऱ्याला सोसायटीच्या नोटिशीत ‘सेग्रिगेट’ असतं, आणि २०१६ च्या घनकचरा नियमांत तोच शब्द होता, तेव्हा ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा असे तीन प्रकार होते. सेग्रिगेट म्हणजे प्रकार बघून वेगवेगळे गट करणं. पण हाच शब्द माणसांना लावला की त्याला फार वाईट इतिहास आहे. अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्यांना वेगळं ठेवण्याला सेग्रिगेशन म्हणायचे, १८९६ च्या प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन निकालाने ‘सेपरेट बट इक्वल’, वेगळे पण समान, ह्या नावाखाली ते चालवून घेतलं, आणि १९५४ मध्ये ब्राउन खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने शाळांपुरतं ते रद्द ठरवताना म्हटलं की शिक्षणात वेगळ्या ठेवलेल्या सोयी मुळातच असमान असतात. म्हणून वर्गातल्या मुला-मुलींचे गट पाडताना कृपया सेग्रिगेट लिहू नका, डिव्हाइड लिहा.

पार्टचंही जाता जाता. ‘पार्ट फ्रॉम’ म्हणजे माणसाचा निरोप घेणं, ‘पार्ट विथ’ म्हणजे हातातली वस्तू नाइलाजाने देऊन टाकणं. आजीने पाटल्या मोडल्या तर ‘शी पार्टेड विथ हर बँगल्स’. आईला सोडून परदेशी निघालात तर ‘पार्टेड फ्रॉम’. आणि केसांचा भांग पाडणं तेही ‘पार्ट युअर हेअर’. इंग्लंडच्या चर्चच्या लग्नविधीत मृत्यू आपल्याला वेगळं करेपर्यंत अशी शपथ आहे, ती १५४९ मध्ये ‘टिल डेथ अस डिपार्ट’ अशी होती, तेव्हा डिपार्टचा अर्थ वेगळं करणं असाही होता, तो अर्थ मागे पडत गेला आणि १६६२ मध्ये त्याचं ‘डू पार्ट’ केलं. त्यांचे त्यांनाच शब्द बदलावे लागले, तर आपण गोंधळलो ह्यात लाज कसली.

क्रिकेटच्या बातम्यांत अजून एक सापडतो, ‘नथिंग कुड सेपरेट द टू टीम्स’. १४ जुलै २०१९, लॉर्ड्सवरची वर्ल्ड कप फायनल, न्यूझीलंड २४१, इंग्लंड २४१, सुपर ओव्हरमध्ये परत दोघांचे १५, शेवटी चौकार-षटकार मोजून इंग्लंड जिंकलं, २६ विरुद्ध १७. आपण म्हणतो दोघांत डावं-उजवं करता येईना, तेच हे.

स्पेलिंग आणि उच्चार

स्पेलिंगमध्ये पीनंतर ई लिहिणारे लोक मी रोज बघते, इंग्रजी मातृभाषा असलेलेही लिहितात. पीनंतर ए. मी मुलांना सांगते मधली तीन अक्षरं पी-ए-आर, ‘पार’, म्हणजे पार वेगळं. एकदा सांगितलं की सहसा विसरत नाहीत. ज्यांना कारण हवं असतं त्यांच्यासाठी, हा शब्द लॅटिनमधल्या सेपरारेवरून आलाय, से म्हणजे बाजूला आणि परारे म्हणजे तयार करणं, प्रिपेअरमध्येही तेच परारे आहे, म्हणून प्रिपरेशन आणि सेपरेशन ह्यांचा मागचा भाग अगदी सारखा लिहायचा.

उच्चाराला दोन रूपं. क्रियापद असेल तर शेवटचा ‘रेट’ नीट ऐकू येतो, भावातल्या रेटसारखा. विशेषण असेल तर तो गिळला जातो, ‘सेप्रट’. ग्रॅज्युएट, एस्टिमेट, डुप्लिकेट ह्यांचंही हेच. कपड्याच्या लेबलवर ‘वॉश सेपरेटली’ असतं, कारण ते कसं धुवायचं ते सांगतंय, पण ओला कचरा वेगळा ठेवा हे ‘कीप द वेट वेस्ट सेपरेट’, तिथे ली नको, कारण कचरा कसा राहील ते सांगायचंय.

ह्या वर्षी मावशी परत निघालीय. फॉर्म तिनेच भरला, मॅरिडवर टिक केली आणि फोटो काढून मला पाठवला. खाली एक ओळ होती, जागा कमी पडल्यास ‘अटॅच अ सेपरेट शीट’, त्याच्याभोवती तिने पेन्सिलने गोल केलेला आणि बाजूला लिहिलेलं, “हा सेप्रट ना? म्हणजे वेगळा कागद जोडायचा, आमच्यातलं काही विचारत नाहीयेत ना?” मी लिहिलं, “हो मावशी, फक्त कागद.”